हिरडी वाढली ती रक्तवाहिन्यांमुळे की गोळीमुळे?

स्टर्ज-वेबर हा विकार जन्मापासून असतो, पण वारशाने येत नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू या जनुकात बदल होतो. हे २०१३ साली कळलं. चेहऱ्याच्या बहुधा एकाच बाजूला लालजांभळा डाग, त्याच बाजूला मेंदूच्या आवरणात रक्तवाहिन्यांचं जाळं, त्यातून फिट्स, कित्येकदा काचबिंदूही. डाग गालावरून खाली उतरला की हिरडीही त्यात सापडते.

१८७९ साली लंडनमध्ये विल्यम ॲलन स्टर्ज यांनी साडेसहा वर्षांच्या मुलीची केस मांडली. डाग उजवीकडे, झटके डावीकडे. चेहऱ्यावर आहे तसंच काहीतरी मेंदूवरही असणार, हा त्यांचा तर्क. १९२२ मध्ये पार्क्स वेबर यांनी मेंदूतले कॅल्शियमचे थर एक्स-रेवर दाखवले.

हिरडीच्या गोष्टीत दुसरं पात्र १९३८ मध्ये आलं. मेरिट आणि पुटनम यांनी फिट्सवर फेनिटॉइन वापरलं आणि पुढच्याच वर्षी किंबॉल यांनी त्या गोळीने हिरड्या वाढतात हे नोंदवलं. म्हणजे फिट्स आवरणारं औषधच तोंडात नवं दुखणं काढू शकतं.

म्हणून दातांच्या डॉक्टरांनी आधी काच दाबून पाहावी. मऊ, लाल हिरडी दाबताच फिकी पडली तर दोष रक्तवाहिन्यांचा. टणक, गुलाबी, दातांच्या फटीतून सुरू झालेली आणि डाग नसलेल्या बाजूलाही असेल तर संशय गोळीवर. पुष्कळदा दोन्ही असतात. त्यात ब्रशला रक्त लागलं की आई घाबरून ब्रश थांबवते, कीटण साचतं आणि हिरडी आणखी फुगते.

त्यामुळे उपचाराची सुरुवात मऊ ब्रश आणि हलक्या हाताने केलेल्या स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढण्याने होते. गोळी बदलायची तर ते मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. घरच्यांनी ती परस्पर बंद केली तर फिट्स उसळू शकतात. एवढं करूनही हिरडीने दात झाकले तर ती कापावी लागते, आणि खरी धास्ती तिथे असते, रक्तस्रावाची. लेसरने ती बरीच कमी केली. त्यातला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला. पटेल मूळचे बारामतीचे, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. हा लेसर बारीक रक्तवाहिन्या कापता कापताच बंद करतो. मोठ्या वाहिन्यांपुढे त्याचं फारसं चालत नाही, म्हणून अशी शस्त्रक्रिया रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच करावी. आणि फेनिटॉइन चालूच राहिलं तर कापलेली हिरडी पुन्हा वाढू शकते.