रीसलिंग वाइनचे मुरणे

रीसलिंग ही पांढऱ्या द्राक्षाची जर्मन जात. तिच्यापासून होणाऱ्या वाइनलाही तेच नाव आहे. र्‍युसेल्सहाइम येथील १४३५ सालच्या एका हिशेबात या जातीच्या वेली विकत घेतल्याची नोंद आहे, तोच तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख. बहुतेक पांढऱ्या वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. जर्मनीतल्या मोझेल आणि राइनगाउ भागांतली चांगली रीसलिंग मात्र थंड तळघरात दहा-वीस वर्षे सहज काढते, आणि गोड प्रकारची असेल तर पन्नासच्या पुढेही जाते. या काळात ती कैरीच्या लोणच्यासारखी मुरते: आधीचा करकरीतपणा जातो आणि चव खोल उतरते.

बदल आधी रंगात दिसतो. ताजी रीसलिंग जवळजवळ पाण्यासारखी, किंचित हिरवट झाक असलेली असते. वर्षे जातात तशी ती पेंढ्याच्या रंगाची, मग सोनेरी आणि शेवटी तांबूस होते. लाल वाइनचे उलट असते, ती वयाबरोबर फिकट होत जाते. पांढरीचा रंग गडद होतो तो बुचातून झिरपणाऱ्या थोड्याशा प्राणवायूमुळे. तिच्यातील फिनॉल द्रव्ये हळूहळू तपकिरी पडतात.

वासाची गोष्ट जास्त रंजक आहे. किण्वनात तयार झालेली फळांच्या वासाची एस्टरे पहिल्या एक-दोन वर्षांतच विघटन पावतात. फुलांचा वास देणारे लिनलूलही ओसरते. हिरवे सफरचंद, लिंबू, पीच हे सगळे मागे पडते आणि मध, मेण, सुके जर्दाळू, भाजलेला पाव असे वास वर येतात. त्यांच्या जोडीला येतो तो रॉकेलचा वास. हो, रॉकेलचाच, स्टोव्ह पेटवलेल्या पिढीला तो चटकन ओळखता येईल. त्यामागे टीडीएन नावाचे संयुग असते. द्राक्षाच्या सालीतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून बनलेली, साखरेच्या रेणूला बांधलेली त्याची पूर्वद्रव्ये वाइनच्या आम्लात सुटी होतात, आणि लिटरमागे काही मायक्रोग्रॅम टीडीएन झाले तरी नाकाला कळते. घडांवर ऊन जास्त पडले असेल किंवा साठवण उबदार असेल, तर हा वास लवकर येतो. नैसर्गिक बूच त्यातला काही भाग शोषून घेते, फिरकीचे झाकण घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या अनेक रीसलिंग उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन फिरकीचे झाकणच स्वीकारले. हा वास दोष की गुण, यावर जाणकारांत वाद आहे. मधामागे पुसटसा असला तर तो गुणच म्हणावा. तीन वर्षांच्या बाटलीने पेला भरून रॉकेल दिले तर तक्रार रास्त आहे.

जिभेवरचा बदल फसवा असतो. साखर मोजली तर तेवढीच भरते, पण जुनी श्पेटलेझे (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) किंवा आउसलेझे (निवडक पिकलेल्या घडांची) तरुणपणीपेक्षा कमी गोड लागते. आम्लही मोजमापात फारसे घटत नाही, आणि या वाइनचा खरा कणा तेच आहे. सामू (पीएच) ३ च्या आसपास असल्याने जंतू आणि प्राणवायू दोघांनाही ती दाद देत नाही. कधी बुचाला किंवा बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. ते टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार असतात, थंडीत बसतात आणि निरुपद्रवी असतात. जर्मनीत त्यांना ‘वाइनस्टाइन’, म्हणजे वाइनचा दगड, म्हणतात.

तळघराचे तापमान १० ते १३ अंश सेल्सिअस, तेही वर्षभर स्थिर असावे लागते. बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात. नाशिकच्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ वाइन बहुतांशी ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात. त्या फ्लॅटमधल्या कपाटात दोन उन्हाळे ठेवल्या तर रंग सोनेरी होईल, पण मध काही येणार नाही. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा शिळा वास तेवढा येईल.

टिकण्याची टोकाची कथा रीसलिंगची नाही, जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या श्टाइन टेकडीवरच्या वाइनची आहे. १५४० च्या भीषण कोरड्या उन्हाळ्यातली ही वाइन बाटलीत भरण्याआधी बराच काळ पिंपात होती. १९६१ साली लंडनमध्ये वाइन-लेखक ह्यू जॉन्सन आणि इतरांनी तिची एक बाटली उघडली. दोन-चार घोट ती वाइनसारखीच लागली, मग हवेने पेल्यातच तिचा जीव घेतला. त्याच वर्षाची एक बाटली व्युर्त्सबुर्गच्या ब्युर्गरश्पिटाल या संस्थेत आजही जपून ठेवलेली आहे.