पुस्तक परत पाठवण्याआधी: ‘अशुद्ध’ मराठीबद्दल थोडं

दलित लेखिकांची आत्मकथनं आपण मुलींसाठी आवर्जून नेता. पण त्यातल्या काही प्रती आठवड्याभरात परत येतात, सोबत चिठ्ठी: ‘छपाईत फार चुका.’ एका ताईंनी तर पेन्सिलीनं मुखपृष्ठापासूनच दुरुस्ती केली होती. ‘माज्या’चं ‘माझ्या’, ‘जल्माची’चं ‘जन्माची’. ती प्रत आम्हाला पुढे विकता आली नाही.

शांताबाई कांबळे यांच्या पुस्तकाचं नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असंच आहे. बाई स्वतः शिक्षिका. ‘जन्म’ कसा लिहितात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बेबी कांबळे फलटणला किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत आणि नवऱ्यापासून लपवून लिहीत. ते ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. इतक्या चोरून लिहिलेल्या बोलीवर आता आपण लाल शाई चालवायची?

म्हणून बोलीच्या कारणावरून आम्ही प्रत परत घेत नाही. कोरी पानं, उलटा किंवा दुबार लागलेला फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा), सुटलेली बांधणी असेल तर निमूट बदलून देतो, टपालखर्च आमचा. फक्त त्या पानाचा फोटो पाठवा आणि कृपया पेन्सिल लावू नका.

वाचताना अडखळायला होत असेल तर पहिली दहा-बारा पानं मोठ्यानं वाचून बघा, शक्यतो मुलीकडूनच वाचून घ्या. ‘जल्म’ डोळ्यांना खटकतो, कानांना तितका नाही. घरातल्या आजींना तर शब्दार्थाची गरजच पडत नाही. बाकीच्यांसाठी प्रत्येक प्रतीत आम्ही शब्दांची पट्टी घालतो. ती खूण म्हणूनही चालते.

मागणी नोंदवतानाही नाव छापलंय तसंच लिहा. ‘जिणं आमुचं’ऐवजी लिहून आलेलं ‘जीवन आमचे’ शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेलाय. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) हमखास ‘आईदान’ होऊन येतं. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या विणलेल्या सुपं-टोपल्या. लेखिकेची आई त्या विणायची, त्यामुळे ‘आई’ अगदीच चुकीची नाही म्हणा.

मुक्ता साळवेचं ‘पुस्तक’ मागू नका. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या त्या मुलीचा निबंध आहे, १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापलेला. तो संकलनातच मिळेल.

आणि प्रमाण मराठीच हवी असेल तर कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ (१९८१) न्या. बाई संस्कृतच्या प्राध्यापिका. दलित मुलगी संस्कृत शिकते म्हटल्यावर लोक काय काय बोलले, ते त्यात अगदी शुद्ध भाषेत आहे. ‘चित्तरकथे’सोबत मागवलंत तर दोन्ही एकाच पार्सलात पाठवू.