तेरा ते सतरा : किशोर पियानोवादकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कोणत्याही गावात भजनी मंडळाच्या गायकाला त्याचा सूर विचारला, तर तो ‘काळी दोन’ किंवा ‘पांढरी पाच’ असे उत्तर देतो. संगीताचे शास्त्र त्याने शिकलेले नसले तरी पट्ट्यांचा हा हिशेब त्याच्या तोंडी असतो, आणि हा हिशेब पेटीबरोबर युरोपातून आपल्याकडे आलेला आहे. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या, ही मांडणी पेटीत आणि पियानोत एकच आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तेरा ते सतरा वर्षांची मुले क्लायबर्न आंतरराष्ट्रीय ज्युनिअर पियानो स्पर्धेसाठी जमतात, तेव्हा त्यांच्या बोटांखालची पट्टी आमच्या खेड्यातल्या मुलांना अगदीच परकी नसते. ही स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. पुढे ती २०१९ आणि २०२३ मध्ये झाली. मात्र शाळकरी मुलांना जागतिक व्यासपीठावर स्पर्धक म्हणून उभे करण्याची कल्पना तिथवर येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती सगळी वाटचाल पाहिल्याशिवाय या स्पर्धेचे आजचे रूप नीट समजत नाही.

आधी वाद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पियानो इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास घडवला. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आघात करून लगेच मागे येते, ही त्याची खरी करामत होती, आणि तिच्यामुळेच बोटाचा जोर जसा असेल तसा आवाज हळू किंवा मोठा निघू लागला. आपल्या पेटीचे मूळ त्याच्या बऱ्याच नंतरचे आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि १८७५ मध्ये कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून एका हाताने भाता हलवीत वाजवता येईल अशी पेटी तयार केली. मींड (एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड सरकत जाणे) काढता येत नाही आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले सूक्ष्म सूर, नेमक्या लागत नाहीत या आक्षेपांमुळे तिला १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर मज्जाव होता, पण त्या काळातही गावोगावच्या भजनातून ती हलली नाही.

दोन्ही वाद्यांतला फरक मला एका मुलीमुळे स्पष्ट दिसला. सातवीतली ही विद्यार्थिनी शाळेत आणि भजनात पेटी वाजवते. एका परिचितांच्या घरी नागपूरला तिला पियानोसमोर बसवले, तेव्हा उजवा हात पट्ट्यांवर ठेवताच तिचा डावा हात सवयीने मागे भात्याकडे गेला आणि तिथे काहीच न सापडल्याने हवेतच थांबला. “सर, याचा भाता कुठी हाये?” असे तिने विचारले. नंतर पेटीवर ठेवतो तसे हलके बोट तिने ठेवले, तर सूर जेमतेम उमटला. जोराने दाबले, तेव्हा खोली दुमदुमली आणि तिने दचकून हात मागे घेतला. पेटीत आवाजाचा जोर भात्यावर अवलंबून असतो, तर पियानोत तो सगळा बोटात असतो. दहाही बोटांना वेगवेगळे वजन देण्याची ही सवय हाडे कोवळी असतानाच लागावी लागते. म्हणून पियानोचे शिक्षण पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होते आणि पंधराव्या वर्षापर्यंत मुलाचा हात बराचसा तयार झालेला असतो.

असे असूनही पियानोच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलांना प्रवेश नव्हता. रशियन पियानोवादक आणि संगीतकार आंतोन रुबिनश्टाइन यांनी १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला ही स्पर्धा सुरू केली. ती दर पाच वर्षांनी, वेगवेगळ्या शहरांत भरत असे आणि तिच्यात फक्त वीस ते सव्वीस वयाच्या पुरुषांना उतरता येई. १९०५ मध्ये पॅरिसला विल्हेल्म बाकहाउस पहिले आले आणि पुढे थोर संगीतकार म्हणून नावाजलेले बेला बार्तोक दुसरे. १९१० नंतर ही परंपरा खंडित झाली. १९२७ मध्ये पोलंडमधल्या वॉर्साला पोलिश संगीतकार शोपँच्या नावाने स्पर्धा सुरू झाली आणि पहिला क्रमांक लेव ओबोरिन या एकोणीस वर्षांच्या सोव्हिएत तरुणाला मिळाला. १९३८ मध्ये ब्रसेल्सला एकवीस वर्षांचे एमिल गिलेल्स जिंकले. विजेत्यांचे वय उतरत चालल्याचे इथेच दिसू लागते, आणि त्यामागे सोव्हिएत संघात उभ्या राहिलेल्या खास संगीतशाळा होत्या, जिथे निवडक मुलांना शालेय अभ्यास आणि वाद्याचे शिक्षण एकाच छपराखाली मिळत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्पर्धा वाढल्या. त्यांचा जागतिक महासंघ १९५७ मध्ये जिनिव्हात स्थापन झाला. पण स्पर्धा ही सामान्य माणसाच्या बोलण्यातली गोष्ट झाली ती १९५८ मुळे. त्या वर्षी मॉस्कोत रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांच्या नावाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक अवकाशात जाऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि आपले संगीत शिक्षण जगात श्रेष्ठ आहे हे सोव्हिएत संघाला दाखवायचे होते. तिथे तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण व्हॅन क्लायबर्न पहिला आला. गिलेल्स परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुसरे थोर सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिश्टर परीक्षकांत होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकनाला पहिले पारितोषिक देण्यापूर्वी सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांची संमती घेण्यात आली. क्लायबर्न मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांची मिरवणूक निघाली, जी एरवी सेनानी आणि राष्ट्रप्रमुखांसाठी निघत असे.

क्लायबर्न यांच्या बालपणाकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ते टेक्सासमधल्या किलगोर या तेलविहिरींच्या लहानशा गावात वाढले आणि त्यांना तिसऱ्या वर्षापासून पियानो शिकवला तो त्यांच्या आईने, रिल्डिया बी क्लायबर्न यांनी. घरात जाणता शिकवणारा असला, तर मोठ्या शहरापासून लांब राहूनही पाया पक्का होतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला आढळलेले नाही.

त्या विजयानंतर काही महिन्यांतच टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या संगीत शिक्षकांनी आणि नागरिकांनी क्लायबर्न यांच्या नावाने स्पर्धा भरवण्याचे ठरवले. पहिल्या पारितोषिकासाठी दहा हजार डॉलर जाहीर झाले आणि १९६२ मध्ये पहिली स्पर्धा पार पडली. दर चार वर्षांनी होणाऱ्या या स्पर्धेचा विजेता एका रात्रीत जगभरच्या मैफिलींचा धनी होऊ लागला. पारितोषिकाची रक्कम संपते, पण त्यासोबत मिळणारे दोन-तीन वर्षांचे कार्यक्रम कलाकाराचे आयुष्य ठरवतात. स्पर्धा हे व्यवसायाचे दारच झाल्यावर त्या दारापर्यंत जाण्याची तयारी लवकर सुरू होणे ओघाने आले. किशोरांच्या स्पर्धांचे खरे मूळ माझ्या मते इथेच आहे.

१९८८ मध्ये जर्मनीतल्या एटलिंगेन गावी तरुण पियानोवादकांची स्पर्धा सुरू झाली आणि १९९२ मध्ये मॉस्कोत चायकोव्हस्की स्पर्धेची किशोर आवृत्ती निघाली. चीनमधल्या शेनयांगचा लांग लांग १९९४ मध्ये एटलिंगेनला आणि १९९५ मध्ये जपानमधल्या सेंदाईला भरलेल्या किशोर चायकोव्हस्की स्पर्धेत पहिला आला, तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. मुलासाठी त्याच्या वडिलांनी पोलिसातली नोकरी सोडली होती. त्यानंतरच्या काळात चीन, कोरिया आणि जपानमधल्या घराघरांतून मुले पियानोकडे वळली आणि या स्पर्धांचा चेहरा आशियाई होत गेला.

क्लायबर्न स्वतः २०१३ मध्ये वारले. त्यांच्या नावाची ज्युनिअर स्पर्धा दोन वर्षांनी फोर्ट वर्थला सुरू झाली. पुढच्या दोन्ही खेपा शेजारच्या डॅलसला झाल्या आणि अंतिम फेरीत मुलांनी डॅलस सिम्फनी या नामांकित वाद्यवृंदासोबत वादन केले. पहिला विजेता कझाकस्तानचा आलिम बेइसेम्बायेव, दुसरा ऑस्ट्रेलियाचा शुआन हर्न ली, तिसरा दक्षिण कोरियाचा होंग सॉक-यंग. बेइसेम्बायेव याने पुढे २०२१ मध्ये इंग्लंडमधली लीड्स स्पर्धा जिंकली. किशोर गटातून मोठ्या गटाकडे जाणारा हा रस्ता इतरत्रही दिसतो. कोरियाचाच लिम युन-चान २०१८ मध्ये क्लीव्हलँडच्या किशोर स्पर्धेत दुसरा आला होता. २०२२ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्याने मोठी क्लायबर्न स्पर्धा जिंकली, आणि इतक्या कमी वयाचा विजेता तिथे यापूर्वी झाला नव्हता.

तथापि या ज्युनिअर स्पर्धेचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे अंग वेगळेच आहे. तिच्या नावात ‘स्पर्धा’ या शब्दाला ‘महोत्सव’ हा शब्द जोडलेला आहे. बाद झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी घरी पाठवला जात नाही. तो शेवटपर्यंत थांबतो, थोर वादकांसमोर बसून शिकतो आणि बरोबरीच्या मुलांचे वादन ऐकतो. खंजिरी भजनाच्या स्पर्धा पाहिलेल्या वैदर्भीय माणसाला हे लगेच उमगेल. तिथेही पुरुष, महिला आणि बाल असे गट असतात, आणि निकाल लागेपर्यंत सगळी मंडळे मंडपात थांबून एकमेकांची चाल, एकमेकांचा ठेका कानात साठवत असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या चाली या गावाहून त्या गावाला अशाच पोचल्या. परीक्षकांनी गुण देण्यात डावे-उजवे केले तरी त्या रात्रीचे ऐकणे वाया जात नाही.

किशोर स्पर्धांवर आक्षेपही आहेत आणि ते गंभीर आहेत. मुलाच्या कलेला क्रमांक लावल्याने ते चुका टाळणारे वादन शिकते आणि स्वतःचा विचार मागे पडतो, असे अनेक जाणकार सांगतात. रशियन पियानोवादक येवगेनी किसिन याने १९८४ मध्ये बाराव्या वर्षी मॉस्कोत शोपँच्या दोन्ही कंचेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या मोठ्या रचना, एकाच मैफिलीत वाजवल्या. तो कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या वाटेने पुढे आला नाही. ॲना कांतोर या एकाच शिक्षिकेकडे तो लहानपणापासून शिकला. मला हे उदाहरण मोलाचे वाटते, कारण शिक्षक आणि शिष्य यांच्यातला दीर्घ सहवास हा स्पर्धेच्याही आधीचा भाग आहे.

आपल्याकडच्या अडचणी त्याच्याही आधीच्या आहेत. मैफिलीचा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब आणि चारशे ऐंशी किलोच्या आसपास वजनाचा असतो. त्यातल्या दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण सुमारे वीस टन भरतो आणि तो ताण लोखंडी चौकट पेलत असली तरी आवाज घुमवणारा फळा लाकडाचाच असतो. मे महिन्यातले आमचे पंचेचाळीस अंशांचे कोरडे ऊन आणि लगोलग येणारी पावसाळी दमट हवा या लाकडाला मानवत नाही, वाद्य वारंवार लावून घ्यावे लागते, आणि ते लावणारा माणूस तालुक्याला मिळत नाही. म्हणून मुले एकसष्ट पट्ट्यांच्या विजेच्या कीबोर्डवर शिकतात, जिथे पियानोच्या अठ्ठ्याऐंशीपैकी सत्तावीस पट्ट्याच नसतात आणि साध्या कीबोर्डवर बोटाला हातोडीचे वजन जाणवत नाही. प्राथमिक निवड ध्वनिचित्रफितीवरून होत असल्याने अर्ज करायला प्रवास लागत नाही, पण त्या चित्रफितीत खरा पियानो वाजावा लागतो.

ऐकण्याला मात्र ही अट नाही. २०२३ ची ज्युनिअर स्पर्धा ८ ते १७ जून या दिवसांत झाली, म्हणजे ऐन मृगात, आणि ती इंटरनेटवरून थेट दाखवली गेली. डॅलसची वेळ जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिकडे संध्याकाळी साडेसातला मैफल सुरू झाली की इकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. त्या वेळी गडी वावरात निघालेले असतात, शाळा अजून उघडलेली नसते, आणि पेटीसमोर बसलेल्या मुलीला फोन शेजारी ठेवून तासभर ऐकता येते.