निळं का जांभळं? व्हीएस कोड आणि व्हिज्युअल स्टुडिओ बसवताना-काढताना होणारा घोळ

"व्हिज्युअल स्टुडिओ टाकलंय ओ, पण प्रोग्रॅम रन होईना झालाय." इंजिनिअरिंगचं, बीसीएचं नवं वर्ष सुरू झालं की बेळगावात ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याच्याकडे ही तक्रार येणारच. खानापूरचा पोरगा लॅपटॉप घेऊन येतो, निपाणीचा फोनवरच विचारतो. त्यावर पहिला प्रश्न एकच: चिन्ह निळं आहे का जांभळं? जांभळं म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ, निळं म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कोड. ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर नसलेला बिघाड उभा राहतो.

घोळाला ज्यांनी ही नावं दिली तेच जबाबदार. दोन्ही मायक्रोसॉफ्टची, दोन्ही विद्यार्थ्यांना फुकट (जांभळ्याची 'कम्युनिटी' आवृत्ती घेतली तर), दोन्हींची चिन्हं लांबून सारखीच. जांभळं १९९७ सालापासूनचं. निळं २०१५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि त्याची १.० आवृत्ती पुढच्या वर्षी आली. 'कोड' हे शेपूट बघून वाटतं की ही मोठ्याचीच छोटी, हलकी आवृत्ती असेल. तसं नाही. निळ्याची बांधणी ब्राउझरच्या तंत्रावर झालेली आहे, म्हणून ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. जांभळं आता फक्त विंडोजवर. त्याच्या मॅकवरच्या भावंडाचा पाठिंबा ऑगस्ट २०२४ मध्ये संपला.

कामाचा फरक असा. जांभळ्यात लिहिण्याची खिडकी, कंपायलर (लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा), लिंकर (तुकडे जोडणारा), डीबगर (चुका शोधायला मदत करणारा) असं सगळं एकत्र येतं. निळं हा मुळात एडिटर, म्हणजे नुसती लिहिण्याची खिडकी आहे. त्यात मायक्रोसॉफ्टचंच सी आणि सी++ चं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) घातलं तरी कंपायलर येत नाही. उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) कुणालाही पटेल अशा भाषेत सांगायचं तर, वर्कबेंच आणला म्हणून लेथ येत नाही.

आकारावरूनही ओळखता येतं. निळ्याचं डाउनलोड २०० एमबीच्या आत आणि डिस्कवर जागा साधारण ५०० एमबीच्या आत. जांभळ्याच्या २०२२ च्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार नेहमीच्या वापरात २० ते ५० जीबी लागतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जांभळं उतरवायला बसलेल्या पोराला आधी थांबवावं. सी शिकायला एवढं लागत नाही.

निळ्याची तक्रार: "इन्स्टॉल होईना"

हे बहुतेक वेळा खरं नसतं. निळं चटकन बसतं. बसलेला नसतो तो कंपायलर, आणि मुलं निळं काढून पुन्हा घालत राहतात. निळं दहा वेळा घातलं तरी कंपायलर त्यातून निघणार नाही.

तपासायचं असं. कमांड प्रॉम्प्ट उघडा, रोमन अक्षरांत जीसीसी (हे सीच्या एका फुकट कंपायलरचं नाव) लिहा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून व्हर्जन हा शब्द लिहून एंटर मारा. आवृत्तीचा आकडा आला तर कंपायलर आहे आणि तो सापडतोही आहे. "इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड" असं आलं तर एक तर कंपायलर नाहीच, नाहीतर तो आहे पण विंडोजला त्याचा पत्ता दिलेला नाही. या दोन्हींत गल्लत करू नका, कारण दुसऱ्या प्रकारात डाउनलोडच्या वाटेलाही जायचं नसतं. पत्ता फक्त पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, लिहायचा.

हल्ली बरेच जण एमसिस-२ नावाचा, जीसीसीसारखी हत्यारं विंडोजवर आणणारा संच घालतात. त्यात एक गंमत आहे. एमसिस-२ बसला म्हणजे जीसीसी बसला असं नाही. त्याच्या काळ्या खिडकीत पॅकमनला (पॅकेज आणून बसवणाऱ्या त्याच्या कमांडला) सांगून जीसीसीचं पॅकेज वेगळं मागवावं लागतं. व्हिडिओ बघून घातलेल्या लॅपटॉपवर नेमकी हीच पायरी गाळलेली असते. सी ड्राइव्हवरच्या एमसिसच्या फोल्डरात यूसीआरटी-६४, त्याच्या आत बिन, आणि बिनमध्ये जीसीसीची फाइल दिसली तरच पुढचं बोलायचं. दिसली, की त्या बिनचा पूर्ण पत्ता विंडोजच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्समधल्या पाथमध्ये घाला. मग व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून ते नव्याने उघडा. चालू असलेला प्रोग्रॅम सुरू होतानाचाच पाथ धरून बसतो, नवा त्याला कळत नाही. "सगळं केलं तरी होत नाही" म्हणणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात.

आधी कधी डेव्ह-सी++ किंवा कोडब्लॉक्स (सी लिहायची दुसरी सॉफ्टवेअर) घातलं असेल तर त्यांच्याबरोबर आलेला जुना जीसीसीही कुठेतरी पडून असतो. पाथच्या यादीत जो आधी, तो धावतो. व्हेअर ही कमांड आणि पुढे जीसीसी लिहिलं की सापडलेले सगळे पत्ते ओळीने येतात. मात्र ती साध्या कमांड प्रॉम्प्टमध्येच चालवा. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल बहुधा पॉवरशेलचं (विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीचं) असतं, तिथे व्हेअरचा अर्थ निराळा आहे आणि उत्तर म्हणून काहीच छापलं जात नाही.

आपल्या भागात जास्त भेटणारी एक अडचण. नवा लॅपटॉप सुरू करताना घरच्यांनी कौतुकाने खात्याचं नाव मराठीत टाकलेलं असतं, शेजारच्या घरी कन्नडात. त्या नावाने सी ड्राइव्हवर फोल्डर तयार होतो आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स सगळं त्याच्या पोटात जातं. पत्त्यात रोमनखेरीज लिपी आली की जीसीसीच्या कुळातली हत्यारं अडखळतात. एमसिस-२ तर बसवतानाच साधा, छोटा, रोमन अक्षरांतला, मोकळ्या जागा नसलेला पत्ता मागतो. खात्याचं दिसणारं नाव बदलून उपयोग नाही, त्याने फोल्डरचं नाव बदलत नाही. विंडोज नव्याने टाकायचीही गरज नाही. सी ड्राइव्हवर थेट एक रोमन नावाचा फोल्डर करा आणि सगळे प्रोग्रॅम तिथे लिहा. मराठी नावाचं खाते राहू दे की.

"परमिशन डिनाइड" आणि त्याआधी "कॅनॉट ओपन आउटपुट फाइल" असं आलं, तर तो इन्स्टॉलेशनचा दोष नव्हे. मागच्या वेळी चालवलेला प्रोग्रॅम स्कॅनएफ या आकडा विचारणाऱ्या सूचनेपाशी तुमच्या आकड्याची वाट बघत अजून बसलेला आहे, आणि विंडोज चालू फाइलवर नवी फाइल लिहू देत नाही. ते टर्मिनल बंद केलं की काम झालं. जांभळ्यातही हेच होतं, फक्त तिथे ते एलएनके ११६८ असं नंबर लावून येतं.

कॉलेजच्या लॅबमधला प्रकार थोडा वेगळा. निळ्याचे विंडोजसाठी दोन इन्स्टॉलर आहेत, यूजर आणि सिस्टम. यूजरवाल्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणून मुलं तो घालतात. पण तो त्या एका लॉगिनपुरताच असतो, दुसऱ्या बॅचच्या मुलाने आपल्या लॉगिनने उघडलं की "गायब झालंय". लॅबला सिस्टमवालाच घालावा. आणि दोन्ही घातले तर चिन्हं दोन, मग कुठलं अपडेट झालं याचा पत्ता नाही. जुनी मशीनं असतील तर हेही बघा: विंडोज ७ वर चालणारी निळ्याची शेवटची आवृत्ती १.७०.३, २०२२ मधली. त्यापुढची घालण्यात वेळ जाईल.

जांभळ्याची तक्रार: "उघडतंय, पण सी++ दिसत नाही"

इथे परिस्थिती उलटी. जांभळं अर्धवट बसू शकतं, आणि बहुधा तसंच बसलेलं असतं. आधी येतो तो नुसता छोटा इन्स्टॉलर. तो मग 'वर्कलोड'ची (कामानुसार बांधलेल्या गठ्ठ्यांची) यादी दाखवतो. त्यात 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++' यावर खूण केली नाही तर व्हिज्युअल स्टुडिओ व्यवस्थित उघडतं, पण नवा प्रोजेक्ट करताना सी++ चं नावच नाही. पोरगा सगळं काढून टाकतो आणि पुन्हा काही जीबी ओढतो. खरं म्हणजे स्टार्ट मेनूतून व्हिज्युअल स्टुडिओ इन्स्टॉलर उघडायचा, मॉडिफाय दाबायचं, राहिलेली खूण करायची. एवढंच.

खानापूरच्या पावसाळ्यात लाइट गेली, नेट तुटलं, मध्येच बंद पडलं, तरी तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा. तो अर्ध्यातून पुढे जायला बघतो. नाहीच जमलं तर 'मोअर'खाली रिपेअर आहे. पण रिपेअर तुमच्या मांडणीतले बदल आणि स्वतः घातलेली एक्स्टेन्शन्स पुसू शकतं, हे आधी माहीत असू दे. इन्स्टॉलरच सुरुवातीला अडकून बसला, तर प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६) मधल्या मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल स्टुडिओच्या आतला फक्त 'इन्स्टॉलर' हा फोल्डर उडवून डाउनलोड केलेली छोटी फाइल पुन्हा चालवावी. शेजारचे फोल्डर नाही.

डी ड्राइव्हवर जागा आहे म्हणून तिकडे बसवलं तरी सी ड्राइव्ह भरतोच. सामायिक भाग आणि विंडोजचा एसडीके (विंडोजसाठी प्रोग्रॅम बांधायचं साहित्य) सीवरच जातात. नेट कमी असलेल्या गावासाठी चांगली सोय म्हणजे 'लेआउट': शहरात चांगल्या नेटवर एका मशीनवर इन्स्टॉलरला लेआउट करायला सांगून, पाहिजे तेवढेच वर्कलोड घेऊन, तो फोल्डर पेनड्राइव्हवर न्यायचा. सरसकट सगळं घेऊ नका, फार मोठं होतं.

आणि ज्याला मुलं हमखास इन्स्टॉलेशनचा दोष समजतात तो सी ४९९६ नंबरचा एरर. पुस्तकातला स्कॅनएफ जसाच्या तसा टाकला की जांभळं "अनसेफ" म्हणून अडवतं आणि स्कॅनएफ-एस वापरा सांगतं. सॉफ्टवेअर ठीक आहे, ते फक्त कडक आहे. निळ्यात जीसीसीने तोच प्रोग्रॅम मुकाट चालतो. टर्बो सीच्या जमान्यातला क्लियरस्क्रीन (पडदा कोरा करणारी सूचना) मात्र दोन्हीकडे नाही. अजूनही काही प्रॅक्टिकलच्या वह्यांत तो पहिल्या ओळीला असतो, त्याला माझा इलाज नाही.

काढताना

निळं काढलं की काय जातं, हे समजून घ्या: प्रोग्रॅम जातो, तुमच्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स राहतात. म्हणून बिघडलेल्या एक्स्टेन्शनमुळे अडलेलं निळं काढून नव्याने घातलं तरी तोच बिघाड हजर. आधी एक्स्टेन्शन्स बंद करून उघडून बघा. हेल्प मेनूत एक्स्टेन्शन बायसेक्ट म्हणून सोय आहे, ती निम्मी-निम्मी बंद करत दोषी शोधून देते. खरंच कोरं करायचं असेल तर काढल्यावर दोन फोल्डर हाताने पुसावे लागतात. रन खिडकीत ॲपडेटा हा शब्द रोमनमध्ये, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाकला की जो फोल्डर उघडतो त्यातला 'कोड', आणि तुमच्या खात्याच्या फोल्डरातला टिंबाने सुरू होणारा 'व्हीएसकोड'. पुसण्याआधी सेटिंग्जची फाइल बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेले प्रोग्रॅम यात नसतात, ते जिथे जतन केले तिथेच राहतात.

जांभळ्याचे फोल्डर मात्र, वर सांगितलेला अडकलेला 'इन्स्टॉलर' सोडला तर, कधीही हाताने उडवू नका. जागा मोकळी करायला काहीजण प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर उडवतात, किंवा प्रोग्रॅमडेटातला पॅकेजेसचा साठा. मग यादीत नाव राहतं, काढायला गेलं की एरर, घालायला गेलं की एरर. रिपेअर आणि अनइन्स्टॉल दोघांनाही तो साठा लागतो. काढायचं ते इन्स्टॉलरमधूनच. तोही हात टेकेल तेव्हा त्याच्याच फोल्डरात इन्स्टॉलक्लीनअप नावाचं हत्यार आहे, ॲडमिन म्हणून चालवायचं. पण ते शेवटचं.

दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतील तर एक सापळा आहे. निळं जांभळ्याचाच कंपायलर वापरू शकतं, डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमधून उघडलं की. एखाद्या सीनियरने तशी मांडणी करून दिलेली असते, आणि सहा महिन्यांनी जागा हवी म्हणून पोरगा "मी निळंच वापरतो" म्हणत जांभळं काढतो. दुसऱ्या दिवशी निळ्यात काहीच कंपाइल होत नाही. जांभळ्याचा सगळा पसारा नको असेल तर मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स वेगळी मिळतात, ती घातली की तो कंपायलर परत येतो. किंवा सरळ जीसीसी.

शेवटचा धोका ॲप्सच्या यादीत आहे. जांभळं गेल्यावरही तिथे 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्यूटेबल' नावाच्या ओळी दिसतात, २००८, २०१०, २०१३ अशा वेगवेगळ्या सालांच्या. नाव बघून त्या जांभळ्याची उरलेली घाण वाटतात. त्या बहुधा दुसऱ्याच सॉफ्टवेअरने स्वतःसाठी आणलेल्या असतात. त्या काढल्या की कुणाचं कॅड उघडत नाही, कुणाचा गेम "व्हीसीरनटाइम १४० सापडत नाही" म्हणून बंद पडतो. काढून झाल्याच असतील तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून २०१५ पासून पुढची एकत्रित आवृत्ती घ्या, आणि विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही घाला. ३२ बिटचं जुनं सॉफ्टवेअर एक्स८६ च मागतं. त्याआधीच्या सालाची उडवली असेल तर ती वेगळी घालावी लागते, नवीने तिची जागा भरत नाही.