टायच्या गाठी : पंचाऐंशीचा आकडा आला कोठून?

टायच्या गाठी किती प्रकारे बांधता येतात, असा प्रश्न निघाला की दोन आकडे हमखास पुढे येतात : ८५ आणि १,७७,१४७. दोन्ही आकडे गणिती मोजणीतून आले आहेत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरीही दुसरा पहिल्याच्या दोन हजार पटींहून मोठा आहे. ही तफावत कोणाच्या चुकीमुळे पडलेली नाही. कोणत्या बांधणीला गाठ म्हणायचे आणि कोणत्या दोन गाठी वेगळ्या धरायच्या, याचे उत्तर प्रत्येक वेळी निराळे दिले गेले, म्हणून ती पडली. वेगवेगळ्या गाठी शिकू पाहणाऱ्यालाही तोच प्रश्न लवकरच पडतो, कारण एकाच गाठीला दोन नावे आणि एकाच नावाच्या दोन गाठी त्याच्या समोर येऊ लागतात.

गळपट्ट्याचा उगम सतराव्या शतकातील क्रोएशियन सैनिकांपर्यंत नेण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे, त्यामुळे तो येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. गाठी शिकवण्याच्या दृष्टीने त्यानंतरचा एकच टप्पा महत्त्वाचा वाटतो. १८१८ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या एका पुस्तिकेत गळपट्टा बांधण्याचे प्रकार नावांसह आणि चित्रांसह दिले होते, आणि १८२८ मधील एका इंग्रजी पुस्तकाने सोळा धड्यांत बत्तीस प्रकार शिकवले. ते कापड खळ घातलेले आणि भले मोठे असे, त्यामुळे त्यातील बांधणी आजच्या टायला लागू पडत नाही. मात्र प्रत्येक बांधणीला एक भारदस्त नाव द्यायचे आणि ती चित्राने शिकवायची, ही रीत तेव्हापासून जी पडली ती आजतागायत सुटलेली नाही.

आजच्या अर्थाने पहिली गाठ म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रूढ झालेली फोर-इन-हँड. तिचे नाव चार घोड्यांच्या गाडीवरून आले, एवढे सर्वमान्य आहे. मात्र गाडीवान लगाम अशा गाठीने बांधत, ते गळ्यातला रुमाल अशा गाठीने बांधत, की गाडी हाकण्याचा छंद असलेल्या श्रीमंतांच्या मंडळाने ही फॅशन आणली, याबद्दल तीन वेगवेगळी स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. त्याहून मोठा बदल कापणीत झाला आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका टाय बनवणाऱ्याने कापड धाग्यांशी ४५ अंशांच्या कोनात, म्हणजे तिरपे कापून तीन तुकड्यांत टाय शिवायला सुरुवात केली. तिरप्या कापणीमुळे कापडाला ताण सोसण्याचे आणि गाठ सोडल्यावर पुन्हा मूळ आकारात येण्याचे बळ मिळाले. एकच टाय पुन्हा पुन्हा सोडून निरनिराळ्या गाठींचा सराव करता येतो, तो या कापणीमुळे.

विंडसर या नावाने मात्र शिकणाऱ्यांचा जितका गोंधळ केला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही नावाने केलेला नाही. १९३६ मध्ये राजपद सोडून ड्यूक झालेल्या इंग्लंडच्या माजी राजाच्या गळ्यातील जाड, भरीव गाठ पाहून लोकांनी तिची नक्कल सुरू केली आणि तिला त्याचे नाव मिळाले. त्याने स्वतः १९६० मध्ये लिहिले की या गाठीचे श्रेय आपले नाही. आपल्याला मोठी गाठ आवडे हे खरे, पण त्यासाठी आपण टायमध्येच कापडाचा जादा थर घालून घेत होतो. म्हणजे जी जाडी त्याने कापडातून मिळवली, ती इतरांनी जादा वेढे देऊन मिळवली. पुढे या गाठीची लहान आवृत्ती हाफ विंडसर म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि मूळ गाठीला कोणी फुल तर कोणी डबल विंडसर म्हणू लागले. रुंद टोक एकदा एका बाजूला नेणे म्हणजे एक चाल, आणि शेवटी ते टोक पट्टीत सरकवणे म्हणजे खोच. वास्तविक विंडसरमध्ये शेवटची खोच सोडून आठ चाली असतात आणि हाफ विंडसरमध्ये सहा. सहा हे आठाचे अर्धे नव्हेत, पाऊण आहेत. सममितीच्या बाबतीतही नाव फसवे आहे. विंडसरमध्ये डावीकडे तीन, उजवीकडे दोन आणि मध्यभागी तीन चाली पडतात, तर हाफ विंडसरमध्ये तिन्हीकडे दोन-दोन. अगदी सममित गाठ म्हणून विंडसरची शिफारस केली जाते, पण चालींच्या हिशेबात तो मान हाफ विंडसरकडे जातो.

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर एका नव्या गाठीची बातमी छापली. एका वयोवृद्ध गृहस्थांनी ती दूरचित्रवाणीवरील एका वृत्तनिवेदकाला शिकवली होती, आणि ती दोघांच्याही नावांनी, प्रॅट किंवा शेल्बी म्हणून, ओळखली जाऊ लागली. पन्नास वर्षांत आलेली पहिली नवी गाठ असे तिचे वर्णन झाले. तिचे वैशिष्ट्य असे की टाय गळ्यात उलटा, शिवण बाहेर ठेवून घालायचा आणि मग बांधायला सुरुवात करायची.

पुढच्या नव्या गाठीसाठी आणखी अर्धशतक थांबण्यापेक्षा सर्व शक्य गाठी एकदाच मोजून काढाव्यात, या विचाराने केंब्रिजमधील दोन भौतिकशास्त्रज्ञ कामाला लागले आणि १९९९ मध्ये त्यांचा लेख एका नामांकित विज्ञान-साप्ताहिकात आला. त्यांनी छातीवरील जागेचे डावा, उजवा आणि मधला असे तीन भाग केले. टायचे रुंद टोक प्रत्येक चालीत यांपैकी एका भागात जाते, आणि जाताना शर्टाच्या दिशेने किंवा शर्टापासून दूर जाते. लागोपाठ दोन चाली एकाच भागात होत नाहीत, आत-बाहेरची दिशा आलटून पालटून येते, आणि शेवटी रुंद टोक दर्शनी भागावरून आडवे नेऊन, मागून वर काढून, त्या आडव्या पट्टीत खोचले जाते. एवढ्या नियमांवर प्रत्येक गाठ अक्षरांच्या एका छोट्या ओळीत लिहिता येऊ लागली. ज्याने चित्रांवरून गाठ शिकताना तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मध्ये नेमके काय घडले हे शोधण्यात वेळ घालवला आहे, त्याला या लेखनपद्धतीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

या नियमांनी तीन चालींची एक गाठ मिळते, चारांची एक, पाचांच्या तीन, सहांच्या पाच, सातांच्या अकरा, आठांच्या एकवीस आणि नवांच्या त्रेचाळीस. बेरीज पंचाऐंशी. पण नवावर थांबायचे का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. टायची लांबी मर्यादित असते, त्यापेक्षा जास्त वेढे दिले तर खाली लोंबायला काही उरत नाही, असे कारण दिले गेले आणि ते व्यवहाराला धरून आहे. तरीही ही मर्यादा माणसाने घातलेली आहे, गणिताने नव्हे. त्याच नियमांनी दहा चालींच्या आणखी ८५ गाठी मिळतात, म्हणजे रेषा एकच घर पुढे ओढली असती तर एकूण आकडा बरोबर दुप्पट, १७० झाला असता. बातम्यांनी मात्र 'पंचाऐंशीच प्रकार' असे ठामपणे छापले आणि 'नऊ चालींपर्यंत' ही अट वगळली. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या वगळण्यात आहे. मूळ लेखात अट स्पष्ट लिहिलेली होती.

दुसरे दोन निर्णय कमी चर्चिले गेले, पण त्यांचा परिणाम अधिक झाला. खोच फक्त शेवटी एकदाच द्यायची आणि वेढे फक्त रुंद टोकाने द्यायचे, असे गृहीत धरले होते. त्या काळी प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या गाठी तशाच असल्यामुळे ते वावगेही नव्हते. पुढे लेखकद्वयाने एकूण चाली आणि मधल्या भागातील चाली यांच्या संख्येनुसार दहा गट पाडले आणि सममिती व समतोल या कसोट्या लावून प्रत्येक गटातील एक सर्वोत्तम गाठ निवडली. त्या दहांपैकी चार आधीपासून वापरात होत्या आणि सहा नव्या निघाल्या. लोक ज्या चार गाठी पिढ्यान्‌पिढ्या किंवा योगायोगाने बांधत आले, त्याच कसोटीवरही टिकल्या, हा या कामाचा मला सर्वांत समाधान देणारा भाग वाटतो.

२००३ मधील एका गाजलेल्या विज्ञानकथा-चित्रपटातील खलपात्राच्या गळ्यात थर दिसणारी विचित्र गाठ होती. ती कशी बांधली असेल याचा उलगडा करण्याच्या खटाटोपातून निमुळत्या टोकाने वेढे द्यायची आणि मध्येच अनेक खोचा घ्यायची पद्धत पसरली. एल्ड्रिज आणि ट्रिनिटी या आज अनेकांना शिकाव्याशा वाटणाऱ्या गाठी याच घराण्यातल्या. त्या ८५ मध्ये नाहीत, कारण दोन्ही अटी त्या मोडतात. स्टॉकहोममधील एका गणितज्ञाने सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये या अटी सैल केल्या, मर्यादाही वाढवली आणि १,७७,१४७ हा आकडा काढला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित लेखात तोही वाढून २,६६,६८२ झाला. मोजणी म्हणून हे काम निर्दोष आहे. मात्र शिकणाऱ्याला त्या लाखांमधून निवड कशी करायची याचे सूत्र हवे असते, आणि ते १९९९ च्या मर्यादित यादीत अधिक स्पष्टपणे मिळते.

त्या यादीतील आणखी एक गृहीतक शिकणाऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे. आरशातील प्रतिबिंबासारख्या दोन गाठी तिथे एकच धरल्या आहेत. आरशात पाहणाऱ्याचा डावा हात आरशाच्या डाव्या बाजूलाच दिसतो, पण समोर उभे राहून शिकवणाऱ्याचा डावा हात पाहणाऱ्याच्या उजवीकडे येतो. त्यामुळे एकाच गाठीच्या दोन चित्रांत डावे-उजवे उलट असते आणि शिकणारा गोंधळतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलट्या बाजूने बांधलेली गाठ चुकत नाही, ती तीच गाठ असते. गाठ बिघडते ती मधूनच बाजू बदलल्यावर.

आणि १९८९ ची गाठ नवी का वाटली, याचेही उत्तर त्याच यादीत आहे. आत-बाहेरची दिशा आलटून पालटून येत असल्याने सम चालींच्या गाठी सरळ टायने सुरू होतात आणि विषम चालींच्या गाठी उलट्या टायने. फोर-इन-हँड चार चालींची, हाफ विंडसर सहांची, विंडसर आठांची, तिन्ही सम. बहुतेकांचे शिक्षण या तिन्हींपाशी संपते. पंचाऐंशीपैकी अठ्ठावन्न गाठी मात्र टाय शिवण बाहेर ठेवून गळ्यात घातल्यावरच सुरू होतात.