अभ्यास एकत्र, प्रॉडक्ट आपापलं : सामायिक युजर रिसर्च मंडळाची माहिती

गेल्या वर्षी एका शेती ॲपच्या चाचणीसाठी आम्ही नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ एका संत्रा बागायतदार काकांकडे बसलो होतो. स्क्रीनवर रकाना आला, ‘खाते क्रमांक’. काकांनी पिशवीतून घडी घातलेला आठ-अचा, म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा काढला, चष्मा लावला आणि त्यावरचा खाते क्रमांक एकेक आकडा बघत भरला. ॲपला हवा होता बँकेचा. लाल अक्षरांत ‘अवैध’ आलं. काकांनी उतारा पुन्हा पाहिला, तोच नंबर पुन्हा भरला. तिसऱ्यांदा फोन आमच्या हातात देत म्हणाले, “नंबर त बराबर आहे ना भाऊ, तुमच्या मशिनीतच गडबड दिसते.”

तीन महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकासाठी कृषी केंद्रांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करताना उमरेडच्या बाजूला तेच घडलं. जमिनीचा विषय चालू असताना ‘खाते’ म्हटलं की शेतकऱ्याच्या मनात आधी आठ-अ येतो, हे आम्हाला तोवर कळलेलं होतं. पण पहिल्या कंपनीशी गोपनीयतेचा करार, म्हणून बोलता येत नव्हतं. दुसऱ्या कंपनीनं तेच शिकायला पुन्हा पूर्ण पैसे मोजले. ते घेताना आम्हाला बरं वाटलं नाही. युजर रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास, कंपन्यांनी मिळून करायचं हे मंडळ त्यातून सुरू झालं.

आमचं म्हणणं सरळ आहे. वापरणाऱ्या माणसाच्या सवयी, त्याचे शब्द, तो कुठे अडतो, या गोष्टी कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नसतात. त्यावर तुम्ही जो उपाय काढता तो मात्र तुमचाच. मग माणसांचा अभ्यास मिळून करायला काय हरकत आहे?

भिशी माहीत आहे ना?

नागपुरात तिला बीसी म्हणतात. मंडळ तसंच चालतं. पाच ते सात कंपन्या सारखी वर्गणी भरतात. दर फेरीत एका कंपनीचा नंबर लागतो. सत्राचा अर्धा वेळ तिच्या प्रश्नाला, उरलेल्या वेळात बाकीच्यांचा एकेक प्रश्न. मुलाखतींच्या नोंदी सगळ्यांना मिळतात. स्वतःचं नवं डिझाइन दाखवायचं असेल तर ते सत्र वेगळं ठेवतो आणि त्याची नोंद फक्त त्या कंपनीला जाते. थेट स्पर्धक एकाच फेरीत नको असेल तर आधी सांगा, आम्ही गट तसे लावतो.

खर्च यानं वाचतो, कारण योग्य माणसं शोधणं, त्यांची वेळ घेणं आणि तिथवर जाणं हेच महाग पडतं. एक प्रश्न विचारा की सहा, काटोलपर्यंत गाडीला डिझेल तेवढंच लागतं.

पाच जण पुरतात, पण कोणते पाच?

युजेबिलिटीतला, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी आहे ते तपासण्याच्या कामातला, सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा म्हणजे पाच. १९९३ मध्ये जेकब निल्सन आणि टॉम लँडाउअर या संशोधकांनी मांडलेल्या गणितानुसार एक सहभागी सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. त्या हिशेबानं पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हे बरोबर आहे, पण एका प्रकारच्या वापरकर्त्यांपुरतं. इतवारीतला ठोक व्यापारी, बुटीबोरीतला शिफ्ट सुपरवायझर आणि काटोलचे ते काका हे तीन प्रकार झाले, म्हणजे तीन वेळा पाच. शिवाय हा आकडा अडचणी शोधण्यासाठी आहे. ‘किती टक्के लोकांना हे जमत नाही’ याचं उत्तर पाच जणांवरून कुणी देत असेल तर मानू नका, आम्ही दिलं तरी.

एकट्या छोट्या कंपनीला पंधरा माणसं झेपत नाहीत. मग ऑफिसातल्याच पाच जणांवर चाचणी उरकली जाते आणि काकांचा आठ-अ लाँच झाल्यावर कळतो. सात कंपन्यांना मात्र पंधरा माणसं सहज परवडतात.

शब्दांची वही

मंडळाकडे जमलेलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ती ही वही. प्रत्येक फेरीत लोक ज्या शब्दावर अडले तो शब्द, कुठे अडले आणि काय केल्यावर सुटलं, एवढंच तिच्यात लिहितो.

‘क्षेत्र’ हा रकाना घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात एकर. शेतकऱ्यानं २ लिहिलं तर ते २ एकर की २ हेक्टर? एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तेव्हा खताचा हिशेबही अडीच पटीनं चुकतो. रकान्याशेजारी एकक निवडायला दिलं की प्रश्न मिटतो.

‘हंगाम’मध्ये खरीप, रब्बी, उन्हाळी एवढेच पर्याय दिले की संत्र्याचा बागायतदार तिथेच थांबतो. त्याचं वर्ष आंबिया आणि मृग बहारानं, म्हणजे झाडं फुलण्याच्या हंगामांनी चालतं.

तिसरी नोंद इतवारीतल्या एका दुकानातली. स्क्रीनवर विचारलं होतं, ‘ऑर्डर रद्द करायची का?’ आणि खाली दोन बटणं होती, ‘रद्द’ आणि ‘ठीक आहे’. दुकान सांभाळणाऱ्या ताईंचा अंगठा दोन्हींच्या मधोमध तरंगत राहिला. ‘रद्द’ दाबलं तर ऑर्डर रद्द होणार की रद्द करणंच रद्द? आता वहीत लिहिलंय: बटणावर पूर्ण वाक्य द्या, ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘ऑर्डर राहू द्या’.

मोजमापही एकच ठेवलंय. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी, आम्ही मराठीत वापरतो. तिच्यात एक विधान बाजूचं, एक विरोधातलं असं आलटून पालटून येतं. ‘नाही’ असलेल्या वाक्याला ‘असहमत’ म्हणायचं की ‘सहमत’, यात लोक गोंधळतात. म्हणून आमच्या मराठी मजकुराचा एक शब्दही कंपनीनं परस्पर बदलायचा नाही, नाहीतर गुणांची तुलना होणार नाही. गुण शंभरपैकी येतात, सरासरी ६८ धरतात, पण ते टक्के नव्हेत. साहेबांना अहवाल दाखवताना हे आधी सांगा.

मॅनेजरांची बैठक

आयटी पार्क असो, मिहान असो की हिंगणा एमआयडीसी, आम्ही काम करतो त्या बहुतेक कंपन्यांत डिझाइनचं काम बघणारा माणूस एकटाच असतो. वर मालक, बाजूला इंजिनिअर. आपल्या कामातलं बोलायला कुणी नाही. म्हणून महिन्यातून एकदा फक्त मॅनेजर बसतात. चाचणीसाठी मालकाकडून दोन आठवडे कसे मिळवायचे, फसलेली फेरी टीमला कशी सांगायची, असे विषय निघतात. कुणाचं सादरीकरण नसतं. ज्याची अडचण मोठी, त्याला वेळ जास्त.

लंडनच्या चॅटम हाऊस या अभ्याससंस्थेनं १९२७ मध्ये घालून दिलेला नियम आम्ही पाळतो: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं आणि कोणत्या कंपनीचं, ते बाहेर सांगू नका. दर, सवलती, कोण कुणाला कोटेशन देतंय, हे विषय मात्र मुळीच काढायचे नाहीत. स्पर्धकांनी आपसात दर ठरवणं किंवा बाजार वाटून घेणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार चालत नाही. पगाराचा विषयही आम्ही दाराबाहेरच ठेवतो.

ज्यांना आपण विचारतो, त्यांच्याबद्दल

प्रत्येक सहभागीला मानधन त्याच दिवशी हातात मिळतं, ॲप वापरता आलं किंवा नाही आलं तरी. संमतीपत्र मराठीत असतं आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. नोंदी किती कंपन्यांकडे जाणार, तेही त्यात लिहिलेलं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्यामुळे एक फोन पुरतो आणि त्या माणसाची नोंद सगळ्या कंपन्यांकडून काढली जाते. ही अट मान्य नसेल त्या कंपनीला आम्ही मंडळात घेत नाही.

यायचं असेल तर

सोबतच्या फॉर्मवर एकच प्रश्न लिहून द्या: तुमच्या वापरकर्त्यांबद्दलची अशी कोणती गोष्ट, जी ऑफिसात सगळे गृहीत धरतात पण कुणी जाऊन पाहिलेली नाही? त्यावरून तुम्हाला कोणत्या फेरीत घ्यायचं ते ठरवतो आणि वर्गणीचा आकडा लेखी कळवतो. आधी नुसतं बघायचं असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी या. तो जागतिक युजेबिलिटी दिन म्हणून पाळतात; हा दिन २००५ मध्ये सुरू झाला. त्या दिवशी आमची बैठक सगळ्यांना खुली असते आणि शब्दांची वही टेबलावर ठेवलेली असते.