बल्ब नेहमी बटण दाबतानाच का उडतो?

माळा आवरताना जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब सापडला, आतली तार शाबूत दिसत होती म्हणून सहज मल्टीमीटर लावला तर रेझिस्टन्स, म्हणजे तार विजेला किती अडवते ते, आला 40 ओहमच्या आसपास. आता शाळेतलं गणित केलं तर 230 व्होल्टला 100 वॅट म्हणजे 529 ओहम यायला हवा ना? मला वाटलं मीटरचा सेल उतरला, तो बदलला, तरी तेच.

मीटरचं काही चुकत नव्हतं, मीच थंड बल्ब मोजत होतो. पण त्याने एवढा फरक का पडतो हे कळायला धातूच्या आत डोकवावं लागतं.

आधी घरातल्या वायरचं तांबं घेऊ. तांब्याच्या प्रत्येक अणूचा साधारण एक इलेक्ट्रॉन मोकाट असतो, कुठल्याच एका अणूचा नाही, सगळ्या तुकड्याचा सामाईक. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, एक घन मिलिमीटर तांब्यात असे 85 वर 18 शून्य एवढे इलेक्ट्रॉन. वायरवरच्या प्लास्टिकमध्येही इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पण सगळे आपापल्या जागी बांधलेले, म्हणून शॉक बसत नाही. तांब्यातले मोकाट इलेक्ट्रॉन सेकंदाला 1500 किलोमीटरच्या वर पळतात, पण सगळ्या दिशांना, त्यामुळे पुढे सरकणं शून्य. करंट म्हणजे या धावपळीवर पडलेला एका बाजूचा अगदी किंचित कल. किती किंचित? 1000 वॅटची इस्त्री, दीड स्क्वेअर एमएमची वायर, हिशोब केला तर सरकण्याचा वेग येतो सेकंदाला पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. मीटरभर जायला तासाच्या वर लागेल, आणि तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज असेल तर! घरातली वीज एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी, तिच्यात ते बिचारे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे मागेपुढे डुलतात, बस. वीज केंद्रातून इलेक्ट्रॉन निघून आपल्या इस्त्रीत येतो असं काही नसतं, जे असतात ते वायरमध्ये आधीपासूनच असतात, धक्का तेवढा जवळपास प्रकाशाच्या वेगाने पोचतो.

मग त्यांना अडवतं कोण? 1900 साली पॉल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं की इलेक्ट्रॉन अणूंवर आपटत जातात. ऐकायला पटतं, पण तसं असतं तर अणूगणिक ठेच लागली असती, प्रत्यक्षात तांब्यातला इलेक्ट्रॉन शंभर-दीडशे अणू ओलांडून जातो तेव्हा कुठे अडखळतो. उत्तर आलं 1928 मध्ये, फेलिक्स ब्लॉखकडून: इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो आणि अणू जर नीट ओळीत, स्थिर असतील तर ही लाट त्यातून न अडता निघून जाते. अडचण अणूंची नाहीच, त्यांच्या थरथरण्याची आहे.

उसाच्या सरीतून चालून बघा. वारा पडलेला असेल आणि सरी सरळ असेल तर आरामात पार होता, वारा सुटला की पानं सपासप अंगावर. (इलेक्ट्रॉनला अंग नसतं हे मान्य, पण चित्र डोळ्यांसमोर येतं.) धातू तापला की अणूंची थरथर वाढते, रेझिस्टन्स वाढतो, तांब्यात डिग्रीमागे साधारण 0.4 टक्के. हीटरच्या कॉइलमधल्या नायक्रोमची गंमत वेगळी, तिथे निकेल आणि क्रोमियमचे अणू मुळातच कसेही मिसळलेले, म्हणजे सरीच वेडीवाकडी लावलेली, वारा असो नसो फटके बसणारच. म्हणून त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या साठेक पट, आणि तापल्यावर फारसा वाढतही नाही.

बल्बची तार ज्या धातूची असते ते टंगस्टन मात्र अडीच हजार डिग्रीच्या आसपास पोचतं, म्हणून थंड असताना 40 ओहम आणि पेटल्यावर 529. बटण दाबलं त्या क्षणी तार थंड असते, नेहमी अर्धा अँपिअरही न घेणारा बल्ब तेव्हा पाच-सहा अँपिअर ओढू शकतो. वर्षानुवर्षं झिजून तार एखाद्या ठिकाणी बारीक झालेली असते, ती जागा बाकीच्या तारेच्या आधी तापते, तिथलाच रेझिस्टन्स आधी वाढतो, त्यामुळे ती आणखी तापते, आणि फट्!